ओव्हर्टमधली ‘लॉक्ड’ डिस्क: डेटाबेसला हात लावण्याआधी आणि लावताना

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस विजांसकट येतो, लाईट जाते, यूपीएस थोड्याच वेळात मान टाकतो आणि सकाळी, सर्व्हरवरची आभासी मशीन (व्हीएम) सांभाळणाऱ्या ओव्हर्ट या सॉफ्टवेअरच्या पोर्टलवर एखाद्या डिस्कसमोर ‘लॉक्ड’ असं लिहिलेलं दिसतं. व्हीएम सुरू होत नाही, डिस्क हलवता येत नाही, पुसताही येत नाही. ऑफिसात माणसं येऊन बसलेली असतात आणि फोन वाजायला लागतात.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ या पट्ट्यात अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी सापडते: दोन-तीन जुने सर्व्हर, एक एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारं) स्टोअरेज आणि वर ओव्हर्ट. कुठे पतसंस्था, कुठे कॉलेज, कुठे आंबा कॅनिंगचा कारखाना. चालवणारा माणूस एकटा, आणि तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. मी ओव्हर्ट ४.४ आणि ४.५ डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन ४.४ वापरत असाल तरी स्क्रिप्ट, तक्ते आणि पायऱ्या त्याच आहेत.

या दुखण्यावर एक तयार तोडगा सगळीकडे सांगितला जातो: इंजिनच्या, म्हणजे ओव्हर्टच्या मध्यवर्ती नियंत्रकाच्या, डेटाबेसमध्ये जा, ‘इमेजेस’ तक्त्यात स्थिती २ ची १ करा, सुटलात. तोडगा चुकीचा नाही, पण ती शेवटची पायरी आहे. डेटाबेसमधला तो आकडा म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. रुमाल उचलायला काही लागत नाही, पण ज्याने टाकला तो गावाला निघून गेलाय की मागच्या दारातून आत चढतोय, हे आधी बघावं लागतं. तो खरंच चढत असेल, म्हणजे स्टोअरेजवर कॉपी किंवा मर्ज (डिस्कचे तुकडे एकत्र करणं) अजून चालू असेल, आणि तुम्ही कुलूप काढून व्हीएम सुरू केलं, तर एकाच डिस्कवर दोघं लिहायला लागतात. मग बॅकअपशिवाय गत्यंतर उरत नाही.

आज्ञांबद्दल एक सूचना. सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या आहेत. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

कुलूप नक्की कुठलं?

‘लॉक’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिलं कुलूप इंजिनच्या मेमरीतलं. एखादं काम चालू असताना त्याच व्हीएमवर दुसरं काम लागू नये म्हणून इंजिन ते स्वतःपुरतं धरून ठेवतं. त्याची खूण अशी की डिस्कची स्थिती ‘ओके’च दिसते, पण काही करायला गेलं की ‘संबंधित काम चालू आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. याची डेटाबेसमध्ये कुठेच नोंद नसते. इंजिनची सेवा रीस्टार्ट केली की ते जातं.

दुसरं डेटाबेसमधलं. ‘इमेजेस’ नावाच्या तक्त्यात ‘इमेजस्टेटस’ हा रकाना असतो. त्यात १ म्हणजे ओके, २ म्हणजे लॉक्ड, ४ म्हणजे इल्लीगल. इंजिन किंवा सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी ही नोंद टिकते. हा लेख मुख्यतः याच कुलपाचा आहे. याची दोन भावंडंही आहेत. ‘स्नॅपशॉट्स’ (डिस्कच्या एका क्षणाच्या जपलेल्या अवस्था) तक्त्यातली ‘लॉक्ड’ ही स्थिती आणि ‘व्हीएम_डायनॅमिक’ तक्त्यातला स्थितीचा आकडा १५, म्हणजे ‘इमेज लॉक्ड’. डिस्क मोकळी केली आणि व्हीएम १५ वरच राहिलं तर माणूस डोकं धरून बसतो, म्हणून तिन्ही एकत्र बघायची सवय ठेवा.

तिसरं कुलूप खाली होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर असतं, सॅनलॉकचं (स्टोअरेजवरची कुलपं सांभाळणारी सेवा) किंवा खुद्द क्यूईएमयूचं (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम). व्हीएम सुरू करताना ‘राइट लॉक मिळाला नाही, दुसरी प्रक्रिया ही इमेज वापरतेय का?’ अशी ओळ आली, तर डेटाबेसमध्ये कितीही खुडबुड करा, काही होणार नाही. कुठल्या तरी होस्टवर तीच डिस्क खरोखर उघडी आहे किंवा एनएफएस सर्व्हरला ती उघडी वाटतेय. तो होस्ट शोधणं हाच त्यावरचा उपाय.

आधी इंजिनला स्वतःहून सुधारू द्या

लाईट आल्यावर सगळ्यात मोठी घाई इथेच होते. ओव्हर्टमध्ये ज्या होस्टकडे स्टोअरेज पूल मॅनेजरची, म्हणजे एसपीएमची जबाबदारी असते, तो व्हॉल्यूम तयार करणं, पुसणं ही कामं करतो. इंजिन त्या कामांची नोंद ‘एसिंक_टास्क्स’ तक्त्यात ठेवतं. मोठ्या कामांची नोंद ‘कमांड_एन्टिटीज’मध्ये असते आणि अर्धवट राहिलेल्या बदलांच्या आधीच्या प्रती ‘बिझनेस_एन्टिटी_स्नॅपशॉट’मध्ये. इंजिन पुन्हा उठलं की या नोंदी वाचतं आणि ज्यांचं काही होऊ शकत नाही ते बदल मागे घेतं. यात बरीच कुलपं आपोआप सुटतात.

पण त्यासाठी क्रम नीट लागतो. आधी स्टोअरेज पूर्ण वर यायला हवं, मग होस्ट, मग एक होस्ट एसपीएम व्हायला हवा, आणि डेटा सेंटर हिरवं दिसायला हवं. एनएफएसचा डबा अजून फाइल सिस्टीम तपासत असताना होस्ट उठले असतील तर इंजिनला काहीच कळत नाही. तेव्हा डेटा सेंटर ‘अप’ दिसल्यावर इंजिन एकदा रीस्टार्ट करा:

सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट ओव्हर्ट-इंजिन

चालू व्हीएमना याने धक्का लागत नाही. ती होस्टवर चालतात, इंजिनवर नाही. इंजिन त्याच क्लस्टरमधल्या व्हीएममध्ये असेल, म्हणजे हॉस्टेड इंजिन असेल, तर त्याआधी कुठल्याही एका होस्टवर हे चालवा:

हॉस्टेड-इंजिन --सेट-मेंटेनन्स --मोड=ग्लोबल

नाहीतर होस्टवरचा एजंट ‘इंजिन आजारी आहे’ समजून ते व्हीएमच रीबूट करतो आणि तुमच्या हातातलं काम अर्धवट राहतं. सगळं संपल्यावर हीच आज्ञा ‘मोड=नन’ देऊन परत फिरवायला विसरू नका.

आता चहा घ्या. कुलूप अजून तसंच असेल तर पुढे.

सगळ्यात साधा गुन्हेगार: अर्धवट अपलोड

डेटाबेस उघडण्याआधी बघा, ती डिस्क कुणी ब्राउझरमधून अपलोड करत होतं का? आयएसओ किंवा तयार इमेज चढवताना नेट तुटलं, लॅपटॉप झोपला, किंवा ब्राउझरमध्ये इंजिनचं सर्टिफिकेट विश्वासार्ह म्हणून घातलेलंच नव्हतं, की अपलोड ‘सिस्टीमने थांबवलं’ या अवस्थेत लटकतं आणि डिस्क लॉक्डच राहते. नव्या माणसाच्या हातून हे हमखास होतं.

इथे कुलूप तोडायचं नाही. स्टोअरेज, डिस्क्स या पानावर ती डिस्क निवडा, अपलोडच्या मेनूतून ‘कॅन्सल’ करा आणि वाट बघा. बटण निष्क्रिय असेल तर एपीआयमधून इमेजट्रान्सफर्सखालच्या त्या नोंदीला ‘कॅन्सल’ पाठवता येतं. इंजिन स्वतःच अर्धवट डिस्क आवरतं. पुढच्या वेळी अपलोडच्या खिडकीतलं ‘टेस्ट कनेक्शन’ आधी दाबा. सर्टिफिकेटची भानगड तिथेच कळते.

रुमाल कुणाचा आहे ते शोधणं

अपलोड नसेल तर शोध तीन ठिकाणी घ्यायचा, आणि याच क्रमाने: होस्ट, लॉग, स्टोअरेज.

एसपीएम असलेल्या होस्टवर रूट म्हणून जा आणि तिथल्या व्हीडीएसएमला, म्हणजे होस्टवरच्या ओव्हर्टच्या सेवेला, विचारा, काही काम चालू आहे का:

व्हीडीएसएम-क्लायंट होस्ट गेटऑलटास्क्सस्टेटसेस

यात ‘होस्ट’चं पहिलं अक्षर मोठं, आणि शेवटच्या शब्दात ‘ऑल’, ‘टास्क्स’, ‘स्टेटसेस’ यांची पहिली अक्षरं मोठी. सगळा शब्द जोडून. उत्तर रिकामं आलं तर एसपीएमकडे काही बाकी नाही. ‘रनिंग’ असं काही दिसलं तर हात मागे घ्या. मोठी डिस्क एनएफएसवरून एनएफएसवर, एक जीबीपीएसच्या स्विचमधून कॉपी होत असेल तर तास-दोन तास सहज जातात आणि पोर्टलवरचा टक्का तेवढा वेळ हललेला दिसत नाही. अशा वेळी लक्ष्य फाइलचा आकार वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर काम जिवंत आहे.

एक खाच लक्षात ठेवा. नव्या आवृत्त्यांमध्ये डेटा कॉपीचं काम एसपीएमच करतो असं नाही, दुसरा कुठलाही होस्ट ते उचलू शकतो. म्हणून प्रत्येक होस्टवर चालू प्रक्रियांच्या यादीत ‘क्यूईएमयू-इमेज कन्व्हर्ट’ शोधा. ती दिसली की समजा रुमालाचा मालक बसमध्ये आहे.

मग इंजिनवरचा लॉग, /व्हार/लॉग/ओव्हर्ट-इंजिन/इंजिन.लॉग. यात डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा लांबलचक ओळखक्रमांक, शोधा. तो मिळवायला पोर्टलवर डिस्कच्या नावावर क्लिक केलं की पुरतं. शेवटी कुठलं काम सुरू झालं हे इथे कळतं: स्नॅपशॉट घेणं, स्नॅपशॉट पुसणं, डिस्क हलवणं, टेम्प्लेट बनवणं. पुढचे सगळे निर्णय या एका उत्तरावर ठरतात, तेव्हा ते कागदावर लिहून ठेवा. त्याच वेळेच्या आसपास होस्टवरचा /व्हार/लॉग/व्हीडीएसएम/व्हीडीएसएम.लॉग काय म्हणतो तेही बघा.

डेटाबेस वाचा, लिहू नका

इंजिनवर एक स्क्रिप्ट आधीपासून असते:

/यूएसआर/शेअर/ओव्हर्ट-इंजिन/सेटअप/डीबीयूटिल्स/अनलॉक_एन्टिटी.एसएच -टी ऑल -क्यू

‘-क्यू’ दिलं की ती फक्त यादी दाखवते, काही बदलत नाही. ‘ऑल’च्या जागी ‘डिस्क’, ‘व्हीएम’, ‘टेम्प्लेट’ किंवा ‘स्नॅपशॉट’ देता येतं. या यादीत तुमची डिस्क नसेल तर ते कुलूप पहिल्या किंवा तिसऱ्या जातीचं आहे. पुन्हा वर जा.

सविस्तर बघायचं असेल तर त्याच मुख्य फोल्डरमधल्या ‘डीबीस्क्रिप्ट्स’खाली ‘इंजिन-पीएसक्यूएल.एसएच’ आहे. ते पासवर्ड वगैरे स्वतःच सांभाळतं. पोस्टग्रेसच्या सेटिंगशी झटापट करावी लागत नाही. त्याला ‘-सी’ देऊन अवतरणात हा प्रश्न विचारा:

सिलेक्ट डिस्क_एलियस, इमेज_ग्रुप_आयडी, इमेज_जीयूआयडी, पॅरेंटआयडी, इमेजस्टेटस, ॲक्टिव्ह फ्रॉम इमेजेस जॉइन बेस_डिस्क्स ऑन डिस्क_आयडी = इमेज_ग्रुप_आयडी व्हेअर इमेजस्टेटस <> १;

इमेज_ग्रुप_आयडी म्हणजे पोर्टलवर दिसणारा डिस्कचा आयडी. इमेज_जीयूआयडी म्हणजे त्या डिस्कच्या साखळीतला एक व्हॉल्यूम. एका डिस्कला स्नॅपशॉट असतील तर तिच्या अनेक ओळी असतात आणि पॅरेंटआयडी प्रत्येक कडी मागच्या कडीला जोडतो. आता ‘व्हेअर’ नंतरची अट बदलून तुमच्या डिस्कच्या आयडीची सगळी साखळी काढा. निकाल फाइलमध्ये साठवा. थोड्या वेळाने लागणार आहे.

स्टोअरेजवर खरं काय आहे

एनएफएस डोमेन, म्हणजे ओव्हर्टला जोडलेली स्टोअरेजची जागा, होस्टवर /आरएचईव्ही/डेटा-सेंटर/एमएनटी/ याखाली माउंट झालेलं असतं. त्यात सर्व्हरच्या नावाचा फोल्डर, मग डोमेनचा यूयूआयडी, मग ‘इमेजेस’, मग डिस्कचा आयडी. आत प्रत्येक व्हॉल्यूमच्या तीन फाइली: खुद्द व्हॉल्यूम, त्याच नावाची ‘.मेटा’ आणि ‘.लीज’. फाइलींचा मालक क्रमांक ३६, गट ३६, म्हणजे व्हीडीएसएम आणि केव्हीएम. एनएफएसवर रूटला मज्जाव असेल तर ‘सुडू -यू व्हीडीएसएम’ लावून वाचा.

ती ‘.मेटा’ फाइल उघडा. साधा मजकूर आहे, पण सगळी कुंडली तिच्यात असते. ‘फॉरमॅट’ रॉ की काऊ, म्हणजे क्यूकाऊ२. ‘पीयूयूआयडी’ म्हणजे पालक व्हॉल्यूम. मूळ व्हॉल्यूम असेल तर सगळी शून्यं. ‘व्होलटाइप’ इथे लीफ असेल तर शेवटची कडी, इंटर्नल असेल तर मधली. आणि ‘लीगॅलिटी’. इथे लीगल असेल तर स्टोअरेजच्या मते व्हॉल्यूम धड आहे. इल्लीगल असेल तर मर्ज किंवा पुसण्याच्या मध्येच काहीतरी तुटलंय.

फाइली एकेक उघडायच्या नसतील, किंवा स्टोअरेज आयस्कझी वा फायबर चॅनलचं असेल आणि फाइली नसतीलच, तर होस्टवर:

व्हीडीएसएम-टूल डम्प-व्हॉल्यूम-चेन्स

आणि पुढे स्टोअरेज डोमेनचा यूयूआयडी. ही आज्ञा प्रत्येक डिस्कची साखळी क्रमाने छापते. मघाशी डेटाबेसमधून काढलेली साखळी शेजारी ठेवा आणि कडीला कडी लावून बघा.

व्हीएम अजून कुठल्या होस्टवर चालू असेल, म्हणजे लाईट गेल्यावर फक्त एसपीएमवाला सर्व्हर पडला आणि बाकीचे जनरेटरवर तगले, तर आणखी एक साक्षीदार आहे. त्या होस्टवर:

व्हर्श -आर डोमब्लकलिस्ट

आणि पुढे व्हीएमचं नाव. ‘-आर’ म्हणजे फक्त वाचण्यापुरतं. ते कायम लावा. व्हीएम या क्षणी कुठल्या व्हॉल्यूममध्ये लिहितंय हे यात स्पष्ट दिसतं. डेटाबेस एक सांगतोय आणि ही यादी दुसरं, तर खरी यादी. या परिस्थितीत व्हीएम बंद करायची घाई अजिबात करू नका. बंद केल्यावर इंजिन ते स्वतःच्या नोंदीप्रमाणे, म्हणजे कदाचित जुन्या व्हॉल्यूमवरून, पुन्हा सुरू करू पाहील. आधी व्हीएमच्या आतून डेटा बाहेर काढा. अकाउंटचा बॅकअप, डेटाबेस डम्प, जे असेल ते.

जुळणी झाल्यावर निर्णय

दोन्ही साखळ्या तंतोतंत जुळल्या, सगळीकडे लीगल आहे, कुठेही काम चालू नाही: कुलूप निव्वळ राहून गेलंय. बिनधास्त काढा. बहुतेक वेळा असंच निघतं.

डेटाबेसमध्ये एक कडी जास्त आहे आणि स्टोअरेजवर ती नाही: हे स्नॅपशॉटच्या मध्येच लाईट गेल्याचं लक्षण. इंजिनने नव्या व्हॉल्यूमची ओळ आधी लिहिली, एसपीएमला तो बनवायला सांगितलं आणि तेवढ्यात अंधार. इथे नुसतं कुलूप काढलं तर व्हीएम ‘व्हॉल्यूम अस्तित्वात नाही’ म्हणून सुरूच होणार नाही. नुकसान काही नाही, पण कामही झालेलं नाही. ती जास्तीची ओळ आणि तिचा स्नॅपशॉट काढून आधीच्या कडीला पुन्हा ‘ॲक्टिव्ह’ करावं लागतं, आणि त्यासाठी ‘इमेजेस’, ‘स्नॅपशॉट्स’ आणि त्यांना जोडलेले तक्ते एकमेकांशी जुळते ठेवायला लागतात. माझं मत विचाराल तर छोट्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया करूच नये. स्टोअरेजवरची शाबूत साखळी ‘क्यूईएमयू-इमेज कन्व्हर्ट’ने एका सपाट इमेजमध्ये उतरवा, ती नवी डिस्क म्हणून अपलोड करा आणि नव्या व्हीएमला जोडा. वेळ जास्त जातो, पण प्रत्येक पायरीला जुनी डिस्क जशीच्या तशी राहते.

स्टोअरेजवर कडी जास्त, डेटाबेसमध्ये नाही: मर्ज झाल्यावर जुना व्हॉल्यूम पुसायचा राहिला असेल, किंवा नवा बनला पण नोंद मागे घेतली गेली असेल. डेटाबेसला माहीत असलेली साखळी स्वतःत पूर्ण आहे का, आणि त्यातल्या कुणाचा पालक हा जास्तीचा व्हॉल्यूम नाही ना, हे ‘क्यूईएमयू-इमेज इन्फो --बॅकिंग-चेन’ने तपासा. नसेल तर कुलूप काढता येतं. त्या जास्तीच्या व्हॉल्यूमच्या वाटेला आज जाऊ नका. पडून राहू दे.

डिस्क एका डोमेनवरून दुसऱ्यावर हलवताना तुटलं: तोच डिस्क आयडी दोन्ही डोमेनवर सापडेल. इंजिन कुणाला खरं मानतंय ते ‘इमेज_स्टोअरेज_डोमेन_मॅप’ तक्त्यात दिसतं. कॉपी पूर्ण होईपर्यंत ते जुन्याच डोमेनकडे बोट दाखवतं, म्हणून मूळ डिस्क सहसा सुरक्षित असते. कुलूप काढा आणि व्हीएम चालवून खात्री करा. मग दुसऱ्या डोमेनवरचा अर्धवट फोल्डर ‘इमेजेस’च्या बाहेर सरकवा, कारण तो तिथे असेपर्यंत पुढचा प्रयत्न ‘इमेज आधीच आहे’ म्हणून फसतो. लगेच पुसू नका. हे फक्त एनएफएसला लागू. आयस्कझीवर एलव्हीएमचे व्हॉल्यूम हाताने उडवणं हा वेगळाच जुगार आहे.

‘इल्लीगल’ दिसलं तर थांबा. अनलॉक_एन्टिटी स्क्रिप्टमध्ये ‘इल्लीगल_इमेजेस’ हा प्रकारही आहे आणि तो मोह पाडतो. पण इंजिनने इल्लीगलचा शिक्का कारणाशिवाय मारलेला नसतो. मर्ज झालेल्या व्हॉल्यूमला ओके करून त्यावरून व्हीएम चालवलं तर जुना आणि नवा डेटा एकात एक मिसळतो आणि तो नंतर वेगळा करता येत नाही.

आता कुलूप काढा

आधी इंजिनचा बॅकअप:

इंजिन-बॅकअप --मोड=बॅकअप --स्कोप=ऑल --फाइल=/रूट/लॉकपूर्वी.बॅक --लॉग=/रूट/लॉकपूर्वी.लॉग

फाइलीला नाव तुमच्या सोयीचं, इंग्रजीत द्या. यात इंजिनचा डेटाबेस आणि सेटिंग येतात, व्हीएमच्या डिस्क येत नाहीत. तो गैरसमज बराच आहे. ही फाइल इंजिनच्या बाहेर, दुसऱ्या मशीनवर न्या. स्टोअरेजवर जागा असेल तर त्या डिस्कचा फोल्डर ‘सीपी --स्पार्स=ऑलवेज’ने बाजूला कॉपी करून ठेवा, अर्थात व्हीएम बंद असेल तरच.

मग तीच स्क्रिप्ट, या वेळी ‘-क्यू’ न लावता:

अनलॉक_एन्टिटी.एसएच -टी डिस्क

आणि पुढे डिस्कचा यूयूआयडी. ती बजावते की यात डेटा खराब होऊ शकतो, आणि हो की नाही विचारते. वरची जुळणी केली असेल तर ‘वाय’ दाबा. डिस्कसाठी यूयूआयडी द्यायचा, पण व्हीएम आणि टेम्प्लेटसाठी नाव. व्हीएमही १५ वर अडकलं असेल तर ‘-टी व्हीएम -आर’ आणि व्हीएमचं नाव. ‘-आर’मुळे त्याच्या डिस्कही सुटतात. ‘-टी ऑल’ मात्र ‘-क्यू’शिवाय कधीही चालवू नका. ते बघतही नाही कुठली डिस्क कुठल्या कामात आहे.

स्क्रिप्ट असताना हाताने एसक्यूएल लिहायचं कारण क्वचितच येतं. आलंच, तर इंजिनची सेवा थांबवा आणि बदल डेटाबेसच्या व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) गुंडाळा. ‘इंजिन-पीएसक्यूएल.एसएच’ नुसतं चालवून आत:

बिगिन;
अपडेट इमेजेस सेट इमेजस्टेटस = १ व्हेअर इमेज_ग्रुप_आयडी = 'डिस्कचा यूयूआयडी' अँड इमेजस्टेटस = २;

उत्तरात ‘अपडेट’ आणि एक आकडा येतो. मघाच्या यादीत त्या डिस्कच्या जेवढ्या ओळी २ वर होत्या तेवढाच तो हवा. जुळला तर ‘कमिट;’, नाही तर ‘रोलबॅक;’. शेवटची ‘अँड’वाली अट कधीही गाळू नका. ती नसेल तर इल्लीगल ओळीही गपचूप ओके होतात.

इंजिन थांबवलेलं असताना हाय-अव्हेलेबिलिटीची व्हीएम पडली तर ती उचलायला कुणी नसतं, म्हणून हे काम लांबवू नका.

मागे उरलेलं

कुलूप निघालं आणि रीस्टार्टनंतर परत आलं, तर इंजिनच्या डोक्यात जुनं काम अजून जिवंत आहे. त्याच ‘डीबीयूटिल्स’ फोल्डरमधली ‘टास्कक्लीनर.एसएच’ पर्यायांशिवाय चालवली की शिल्लक कामांची यादी देते. इंजिन एखाद्या कामाला ‘झोंबी’ समजायला मुळात ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास, थांबतं. शुक्रवारी रात्री तुटलेलं काम त्यामुळे रविवार रात्रीपर्यंत झोंबी ठरत नाही. होस्टकडे त्या आयडीचं काहीही नाही याची खात्री असेल तर त्या एकाच कामाचा आयडी ‘-टी’ने देऊन ते काढा. सगळी कामं एका झटक्यात झाडणारे पर्याय आहेत. ते तसेच राहू द्यात.

व्हीएम सुरू करण्याआधी क्यूकाऊ२ व्हॉल्यूमवर ‘क्यूईएमयू-इमेज चेक’ चालवा. पर्याय न देता ते फक्त तपासतं. ‘लीक’ झालेले क्लस्टर म्हणजे वाया गेलेली जागा, घाबरायचं कारण नाही. ‘करप्शन’ दिसलं तर आधी कॉपी, मग दुरुस्ती. आणि पहिल्यांदा व्हीएम चालू कराल तेव्हा नेटवर्क कार्ड अनप्लग केलेलं ठेवा. आत डोकावून, फाइल सिस्टीम आणि शेवटच्या नोंदी बघूनच लोकांना आत सोडा. आंब्याच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर गाड्यांची रांग असते आणि वजनकाट्याचा माणूस नोंदी टाकायला टपलेला असतो. त्याच्या दहा नोंदी चुकीच्या डिस्कवर गेल्या तर निस्तरायला दिवस जातो.

ओव्हर्टसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, प्रॉक्समॉक्स, वापरणाऱ्यांसाठी एवढंच की तिथे असा डेटाबेस नाही. व्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘लॉक’ची एक ओळ असते आणि ‘क्यूएम अनलॉक’ ती काढतं. पण त्याआधी बॅकअपची प्रक्रिया चालू नाही ना, हा प्रश्न तिथेही तोच.

पावसाळ्याची बेगमी

लाईट अचानक जाणं आणि चक्रीवादळ यांना वेगळी तयारी लागते. ३ जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते, यांचा अंदाज आधी आला होता. अशा वेळी सगळं शिस्तीत बंद करून बसणं हाच शहाणपणा. त्रास होतो तो रोजच्या दहा-वीस मिनिटांच्या लपंडावाचा, कारण तेव्हा कुणी काही बंद केलेलं नसतं.

यूपीएसला डेटा केबल असते, ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहिलेली असते. ती जोडा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बंद होण्याचा क्रम: आधी व्हीएम, मग होस्ट, सगळ्यात शेवटी स्टोअरेज. स्टोअरेज आणि होस्ट वेगवेगळ्या यूपीएसवर असतील तर स्टोअरेजचा यूपीएस जास्त वेळ टिकणारा हवा. उलटं असेल तर होस्ट जिवंत आणि खालची डिस्क गायब, आणि अर्धवट कामं नेमकी तेव्हाच तयार होतात. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड चढते. मे महिन्यात ती साफ करून, लोड लावून, यूपीएस खरोखर किती मिनिटं टिकतो हे घड्याळ लावून बघा. कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका.

रात्रीचा बॅकअप स्नॅपशॉट घेऊन चालत असेल तर जून ते सप्टेंबर, आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हाही, त्याची वेळ कुणीतरी जागेवर असेल अशी ठेवा. जेवणाच्या सुट्टीत व्हीएम थोडं मंद झालं तर चालतं. डिस्क हलवणं, जुने स्नॅपशॉट पुसणं ही लांब कामं जनरेटर चालू आहे आणि डिझेल भरलेलं आहे हे बघूनच लावा. इंजिन-बॅकअपची आज्ञा क्रॉनमध्ये रोज पहाटेची टाका आणि तिची फाइल त्या एनएफएसवर न ठेवता दुसऱ्या इमारतीतल्या एखाद्या मशीनवर जाईल असं करा. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर जे होतं ते सगळं एकाच वेळी पाण्याखाली गेलं होतं.